एलुंदा (क्रीट) : गेला असाल तर अनुभव लिहा

पुढच्या मे महिन्यात धाकटी बहीण आणि तिचे यजमान ग्रीसला निघालेत. सांतोरिनीचे निळे घुमट फोटोंतून सगळ्यांना पाठ झालेत, म्हणून मी म्हटलं, क्रीट बेटावर जा आणि त्यातही एलुंदाला चार दिवस राहा. झालं! तेव्हापासून ‘तिथे आहे तरी काय’ विचारून तिने मला भंडावून सोडलंय.

आम्ही लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला गेलो होतो. क्रीटच्या ईशान्येला मिराबेलोचं आखात आहे, त्याच्या काठावरचं हे मूळचं कोळ्यांचं गाव. गावात एक चौक, एक चर्च, होड्यांचा धक्का. किनाऱ्याने दोन्ही बाजूंना अशी रिसॉर्टं, की एका रात्रीचं भाडं ऐकून आमच्या ह्यांनी फोन पालथा ठेवला. आणि समोर पाण्यात स्पिनालोंगा. व्हेनिसवाल्यांनी १५७९ मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, पुढे तुर्कांची वस्ती, आणि १९०३ नंतर १९५७ पर्यंत कुष्ठरुग्णांना नेऊन ठेवायचं बेट. जंजिरा बघितलेल्या माणसाला तटबंदीचं नवल वाटणार नाही. आत शिरल्यावर मात्र दुकानांची ओळ लागते, घरांच्या निळ्या चौकटी दिसतात, आणि आपला आवाज आपोआप खाली येतो.

जे गेलेत त्यांनी सविस्तर लिहा. हॉटेलच्या माहितीपत्रकातली वाक्यं नकोत, ती बहिणीने आधीच वाचलीत.

*

लंडनहून, ऑगस्टमध्ये गेलो होतो

रिसॉर्टवाला अनुभव माझा घ्या. चार वर्षं सुट्टी नव्हती, त्यामुळे डोळे मिटून खासगी पूलवाली खोली बुक केली. बुकिंग करताना दोन दर दिसले, नुसता समुद्र दिसणारी खोली आणि ‘बेट दिसणारी’ खोली. दुसरी महाग. आम्ही तीच घेतली. हे बेट कशाचं होतं ते बायकोने तिथे पोचल्यावर वाचून दाखवलं. एके काळी पलीकडच्या प्लाका गावातून जिथे माणसांना कायमचं सोडायला होडी निघायची, ते दिसावं म्हणून आपण जादा पैसे मोजलेत हे कळल्यावर सकाळचा चहा जरा बेचव लागला. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच बसून प्यायलो.

पूल गार होता. म्हणजे बर्फगार. फोटोत तो निळाशार असतो, त्याचं पाणी तापवलेलं नाही हे कुठेतरी बारीक अक्षरांत होतं. तक्रार केली तर अत्यंत गोड हसून पीचचं ताट पाठवलं. ते पीच मात्र अजून आठवतात.

ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश लख्ख, ढगाचा ठिपका नाही, आणि बोटी बंद. आमचे दोन दिवस त्यात गेले. बेट शेवटच्या दिवसावर ठेवू नका, पहिल्या शांत सकाळी उरकून घ्या. आणखी एक, ग्रीसमध्ये समुद्रकिनारा कायद्याने सगळ्यांचा. छत्र्या आणि आरामखुर्च्या रिसॉर्टच्या असतात, पाणी नाही. हे आम्हाला आधी कळलं असतं तर गावात खोली घेऊन पोहायला तिथे गेलो असतो.

*

जर्मनीत शिकतोय, सप्टेंबरमध्ये गेलो

वरच्या दादांच्या एका रात्रीच्या भाड्यात मी आठवडाभर राहिलो, जेवणासकट! हेराक्लिओनला विमानतळ आहे, तिथून केटेल या बस कंपनीची बस आयोस निकोलाओसपर्यंत, आणि पुढे दुसरी बस एलुंदाला. दुसऱ्या बसमध्ये डाव्या-उजव्याचा विचार करायचा असतो. जाताना उजवीकडे बसा, घाट उतरताना सगळं आखात खाली पसरलेलं दिसतं. मी डावीकडे बसलो होतो आणि मला खडक दिसला.

मी शाकाहारी, अंडंही नाही. घरून निघताना आईने थेपल्यांचा गठ्ठा दिला होता, तो परत नेला. इथे एक शब्द पाठ करून ठेवा, ‘निस्तीसिमो’. म्हणजे उपवासाचं. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे उपवास वर्षातले कितीतरी दिवस असतात आणि तेव्हा मांस, अंडी, दूध सगळं बंद. त्यामुळे भाताने भरलेले टोमॅटो-मिरच्या (गेमिस्ता), ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या शेंगा, पिवळ्या डाळीचा फावा, पावट्याच्या थोरल्या भावासारखे दिसणारे गिगांतेस, हे सगळं आपोआप चालतं. सावध राहायचं ते एकाच बाबतीत. त्यांच्या उपवासाला कालवं आणि माकूळ चालतात. मावशींनी प्रेमाने माकुळाची बशी पुढे केली आणि ‘निस्तीसिमो, निस्तीसिमो’ म्हणून छातीवर हात ठेवला. आपण साबुदाण्याच्या वड्याला उपवासाचं म्हणतो, तेव्हा बोलायला जागा नव्हती.

जेवण संपल्यावर न मागता राकीचा (तिथली कडक दारू) छोटा चंबू आणि कलिंगडाच्या फोडी येतात. त्याचे पैसे नसतात. पहिल्या दिवशी मी विचारलं, ‘हे मी मागवलं नाही.’ मालक खो खो हसला.

*

नागपूर, निवृत्त डॉक्टर

मी त्वचारोगाचा डॉक्टर. कुष्ठरोगाच्या कामात बरीच वर्षं गेली, वरोऱ्याला आनंदवनातही जाणं-येणं होतं. मुलगी ग्रीसला घेऊन गेली तेव्हा म्हटलं, बाई, बाकी काही नाही दाखवलं तरी चालते, पण स्पिनालोंगा दाखव.

बोगद्यासारख्या दारातून आत जावं लागतं. त्याला लोकांनी, दांते या इटालियन कवीने वर्णन केलेल्या नरकाच्या दारावरून, ‘दांतेचं दार’ असं नाव दिलेलं आहे. गाइड सांगत होती की आत आलेल्या माणसाला बाहेर जायची आशा नसायची. बाकीचे सगळे वर कमानीकडे पाहत होते. मी खाली पाहत होतो. पूर्ण बेटावर ओबडधोबड दगडांचे रस्ते, चढ, पायऱ्या. या रोगात तळपायाची संवेदना जाते. खडा रुतला तरी कळत नाही, जखम होते, तीच चिघळत हाडापर्यंत जाते. आमच्याकडे म्हणूनच मऊ रबराच्या एमसीआर चपला देतात. त्या दगडांवर पन्नास वर्षं ही माणसं कशाने चालली असतील? मुलीने विचारलं, बाबा, दमलात का. मी म्हटलं, नाही, जोडे पाहतोय. तिला कळलं नाही.

१९३६ मध्ये एपामिनोंदास रेमुंदाकिस नावाचा कायद्याचा विद्यार्थी रुग्ण म्हणून इथे आला. त्याने रुग्णांची संघटना उभी केली आणि सरकारशी भांडून सोयी मिळवल्या. घरांना चुना लागला, दुकानं, कॅफे, नाटकं सुरू झाली. लग्नं झाली, मुलं झाली. आनंदवन १९४९ चं. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय त्याहून जुनं, १८९० चं. ठिकाणं एकमेकांपासून हजारो किलोमीटरवर, पण रुग्णाने ‘मी फक्त रुग्ण नाही’ म्हणून ताठ उभं राहायचं, हे सगळीकडे सारखंच दिसते.

चाळिशीच्या दशकात सल्फोन औषधं आली, रोग बरा व्हायला लागला, आणि १९५७ मध्ये बेट रिकामं झालं. पाद्री मात्र १९६२ पर्यंत एकटा मागे राहिला. त्यांच्याकडे मृताचं स्मरण पाचव्या वर्षापर्यंत करायची रीत आहे, तेवढं पूर्ण करून तो गेला. दफनभूमीत सिमेंटच्या लाद्या आहेत, त्यांवर नावं नाहीत. तिथे थोडा वेळ थांबा. बोट चुकली तर पुढची असते.

*

बहुतेकांना ठाऊक नसलेली गोष्ट म्हणून दोनच ओळी. तिसाच्या दशकात इंग्लंड ते हिंदुस्थान मार्गावरची इम्पीरियल एअरवेजची पाण्यावर उतरणारी विमानं याच मिराबेलोच्या आखातात थांबायची. त्यांना मदत करायला ‘इम्पीरिया’ नावाची बोट इथे नांगरून असे. मार्ग कराचीला जायचा, आणि १९३६ पर्यंत कराची मुंबई इलाख्यातच होती. आम्ही धक्क्यावर कॉफी पीत हे बोलत होतो आणि शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी न विचारता हाताने विमान उतरवून दाखवलं, पाण्याच्या फवाऱ्यासकट.

*

उरण, आईबाबांना घेऊन गेलो

आईचे गुडघे गेलेत. डॉक्टरसाहेबांनी लिहिलेल्या त्या दगडांमुळेच आम्ही स्पिनालोंगा बोटीतून लांबूनच पाहिलं. वर सावलीही नाही. वयस्कर माणसं असतील तर गावातून पोरोसच्या चिंचोळ्या बांधावर जा, सपाट चाल आहे. एका बाजूला जुनी मिठागरं, पुढे १८९७-९८ च्या सुमारास फ्रेंच खलाशांनी खणलेला छोटा कालवा, पलीकडे पडक्या पवनचक्क्या. तिथेच ओलुस नावाचं प्राचीन शहर होतं, जमीन खचून पाण्याखाली गेलं. ‘बुडालेलं शहर’ ऐकून द्वारकेसारखं काही डोळ्यांपुढे आणू नका. पाणी संथ असेल तर भिंतींच्या रेघा दिसतात, इतकंच. त्यापेक्षा जवळच कुंपणात जपलेली जुन्या बासिलिकाची (प्राचीन चर्चची) फरशी बघा, बारीक खड्यांचे डॉल्फिन आहेत.

पण आमचा सगळा वेळ गेला मिठागरात. बाबांचं अर्धं आयुष्य आगरात गेलं. व्हेनिसवाल्यांनी बांधलेली ही मिठागरं आता वापरात नाहीत, पण दगडी बांध शाबूत आहेत. बाबा धोतर सावरत बांधावर उकिडवे बसले. पाणी कुठून घेत असतील, उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कुठे असेल, पहिल्या वाफ्यातून दुसऱ्यात कसं सोडत असतील, सगळं त्यांनी बोटाने रेघा ओढून मला सांगितलं. मी आयुष्यात कधी विचारलं नव्हतं.

‘यो त आपलाच आगर हाय रं,’ म्हणाले. ‘फक्त बांध चिखलाचा नाय, दगडाचा. दरवर्षाला बांधाला लागत नसल.’

कडेच्या दगडावर ऊन खाऊन मिठाची पांढरी खपली धरली होती. त्यांनी ती नखाने काढली आणि जिभेवर ठेवली. आई ओरडली, ‘अहो, काय करताय, लोक बघतात!’ बाबा म्हणाले, ‘कडू हाय. पानी वेलेवर काढला नाय कुनी.’

*

धागा काढणारीच पुन्हा

काय सुंदर लिहिलंत सगळ्यांनी. बहिणीने तीनदा वाचलं, यजमानांना बाबांचा मिठाचा भाग मोठ्याने वाचून दाखवला.

तिने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं इथेच देते. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर चालतात, मे त्यात आलाच. एलुंदाच्या धक्क्यावरून वेळ जास्त लागतो पण आखात फिरून होतं, प्लाकाहून अगदी थोडा. बेटावर जायचं तिकीट बोटीच्या भाड्यात नसतं, तिथे वेगळं काढायचं. पाण्याची बाटली आणि टोपी इकडूनच. रिसॉर्टचं तिने अजून ठरवलेलं नाही. दोन रात्री तिथे आणि दोन गावात, असं काहीसं चाललंय. यजमानांची अट एकच आहे, पूलचं पाणी तापवलेलं आहे का ते आधी लेखी विचारायचं.

आणि हो, बेटाच्या नावाबद्दल एकीने निरोप पाठवून विचारलं होतं. तिथले लोक म्हणतात की ‘स्तिन एलुंदा’, म्हणजे ‘एलुंदाला’, हे ग्रीक शब्द व्हेनिसवाल्यांच्या कानांना ‘स्पिना लोंगा’, लांब काटा, असे ऐकू आले. आपल्याकडे साहेबाने शीवचं सायन केलं, तशातली गत.