बिनखिळ्याचं जपानी धाटणीचं बैठं टेबल: टेननमधली पाचर कुठल्या दिशेने?

सागवानी_७
सागवानी टेबल, १४ इंच उंच. वरची फळी ४ फूट × २० इंच, जाडी ३२ मिमी, तीन फळ्या जोडून. पायाचे टेनन (पायाच्या टोकाला कोरलेली जीभ) फळीतल्या खाचेतून आरपार नेऊन वरून शिसवी पाचर ठोकायची, आणि रुंदीकडचे दोन-दोन पाय खाली आडव्या पट्टीने बांधायचे. पाचर फळीच्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने छान दिसते. चालेल?

पाचरवाला
नाही, फळी फाटेल. पाचर रेषांना काटकोनातच हवी, म्हणजे फुगणाऱ्या टेननचा जोर रेषांच्या लांबीकडे जातो. ३० मिमीच्या टेननला दोन चिरा, कडेपासून ५-६ मिमी आत, दोन तृतीयांश खोल. चिरेच्या तळाशी ४ मिमीचं भोक पाडा, नाहीतर चीर पायात उतरते. खाच वरच्या तोंडाला, त्याच दोन बाजूंना, दीड-दीड मिमी पसरट करा. पाचर जाड टोकाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) पुरे. दोन्ही आलटूनपालटून ठोका. आवाज भरीव आला की थांबा.

रंधा_पटाशी
पाचर नीट बसेल हो, घात ती आडवी पट्टी करणार. लाकडातल्या ओलाव्यात ५ टक्के फरक पडला की २० इंच सागवान रुंदीत जवळपास दीड सूत हलतं. वर पाय फळीत अडकलेले, खाली पट्टीने बांधलेले. एका पावसाळ्यात सांधा उघडेल, किंवा उन्हाळ्यात फळीला भेग.

जपानी सुतार इथे सुइत्सुकीझान घालतात: फळीखाली रेषांना आडवी डव्हटेल (तोंडाशी अरुंद, आत रुंद) खोबणी, १० मिमी खोल, एका टोकाला दीड मिमी अरुंद, आणि तिच्यात त्याच उताराची पट्टी. शेवटचे तीन-चार इंच ठोकूनच गेली पाहिजे. आधीच सैल असेल तर फळी वाकणं ती रोखत नाही. गोंद नको, फार तर मधल्या दोन इंचांत. पाय या पट्टीत पाचरीने बसवा, वर आलेलं रंधून सपाट करा, मगच पट्टी सरकवा. पट्टीच्या रेषा फळीला आडव्या, तेव्हा पाचरीची दिशाही फिरते!

सागवानी_७
पण टेनन वर दिसायला हवेत.

रंधा_पटाशी
मग रुंदीकडची पट्टी काढा, पट्ट्या फक्त लांबीकडे लावा. लांबीत लाकूड हलत नाही म्हटलं तरी चालेल. पण फळी वाकायला मोकळी राहते. मी असल्या रुंदीला सुइत्सुकीझानच घेईन.

पाचरवाला
आणि व्हिडिओ पाहून टेनन ठोकून दाबायची किगोरोशी सागवानावर नको. हिनोकी, सुगी या मऊ जपानी लाकडांत दबलेले तंतू ओल मिळाली की पुन्हा फुगतात; सागवानाचे कोपरेच उडतात. खाच मापात काढा. सागवान तेलकट, म्हणून गोंदाआधी टेननवर थिनरचा फडका मारा आणि तासाभरात चिकटवा.