मदत हवी आहे: मोठ्या मापाचा वेस्टकोट घरच्या घरी मापात कसा आणावा?

नमस्कार. माझ्या मोठ्या बंधूंनी ऐंशीच्या दशकात शिवून घेतलेल्या थ्री-पीस सुटातला वेस्टकोट मला माझ्या मुलासाठी बारीक करायचा आहे. त्यातला कोट आणि पँट केव्हाच निकालात निघाले. वेस्टकोट मात्र फारसा वापरला न गेल्यामुळे अजून उत्तम स्थितीत आहे, आणि पुढच्या महिन्यात घरात असलेल्या लग्नात मामाचाच वेस्टकोट घालायचा असा भाच्याचा हट्ट आहे.

कापड गडद राखाडी टेरीवूलचे आहे. पुढचे दोन्ही भाग त्याच कापडाचे असून पाठ काळ्या साटीनची आहे आणि आतून पूर्ण अस्तर आहे. समोर पाच बटणे, खाली दोन पट्टीचे खिसे, आणि पाठीला कमरेपाशी बक्कल लावलेली पट्टी आहे. मुलाची छाती ३८ इंच आणि पोटाचा घेर ३४ इंच आहे. वेस्टकोट बटणे लावून सपाट अंथरून मोजला, तेव्हा काखेखाली २२ इंच आणि कमरेपाशी साडेवीस इंच भरला. म्हणजे पूर्ण घेर अनुक्रमे ४४ आणि ४१ इंच झाला. लांबी मात्र बरोबर आहे. पँटचा पट्टा पुढून नीट झाकला जातो.

अडचण अशी की काखेखाली कापड फुगते, आणि ते आवळण्यासाठी पाठीचे बक्कल ओढले की साटीनच्या चुण्या पडून कण्यावर बोचके जमते. आमच्या जवळच्या टेलरने दोन्ही बाजूंनी सरळ टीप मारून देण्याची तयारी दाखवली, परंतु तसे केल्यास खिसे मागे सरकतील अशी मला शंका वाटल्यामुळे मी वेस्टकोट परत आणला. माझ्याकडे पायमशीन आहे आणि ब्लाउज, परकर, कुर्ते मी नियमित शिवते. अस्तर लावलेले पुरुषी कपडे मात्र कधी उघडून पाहिलेले नाहीत. घेर नेमका कुठून कमी करावा, अस्तर कोठून उघडावे, आणि उसवल्यानंतर साटीनवर सुईची भोके दिसत राहतात त्यावर काही उपाय आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

उसवाउसवी करण्याऐवजी बटणेच आत सरकवून लावली तर? काज तसेच राहतील आणि काम तासाभरात उरकेल. माझ्या एका ब्लेझरला मी हाच उपाय केला होता आणि तो चालून गेला.

प्रतिसाद

बटणे सरकवण्याचा उपाय अर्ध्या इंचापर्यंत ठीक आहे, त्यापुढे नाही. वेस्टकोटाचा पुढचा गळा इंग्रजी व्हीच्या आकाराचा असतो आणि त्याचे टोक बरोबर मध्यावर यावे लागते. बटणे दीड-दोन इंच आत गेली की एक भाग दुसऱ्यावर जास्त चढतो, टोक एका बाजूला जाते आणि टाय लावल्यावर तर ते लगेच डोळ्यात भरते. ब्लेझर बहुधा उघडाच घातला जातो, म्हणून तिथे हा दोष खपतो.

ताई, आपण टेलरकडून वेस्टकोट परत आणलात हे योग्यच केले. मी जेंट्स टेलरिंगचे काम बरीच वर्षे केले आहे, त्या अनुभवावरून सांगतो. वेस्टकोटाचा पुढचा भाग शक्यतो हलवायचा नाही, कारण कॅनव्हास (आकार टिकवणारे आतले ताठ कापड), खिसे, काज आणि टक (आकारासाठी घातलेल्या निमुळत्या चुण्या) हे सगळे तिथे एकमेकांशी बांधलेले असतात. जो काही घेर काढायचा तो मुख्यतः पाठीतून काढावा. पाठ साध्या साटीनची असते ती काही केवळ काटकसर म्हणून नव्हे. ती कोटाखाली झाकली जाते, आणि कोट तिच्यावरून सहज सरकतो. अठराव्या शतकातल्या युरोपी वेस्टकोटांच्या पाठीला तर घेर कमीजास्त करण्यासाठी नाड्या असत, आणि आपल्या वेस्टकोटाचे बक्कल हे त्यांचेच पुढचे रूप आहे. मात्र बक्कल साधारण इंचभर ढील आवळण्यापुरतेच असते. तीन-चार इंचांचा भार त्याच्यावर टाकला की बोचके जमणारच.

तरीही कात्री आणि ओपनर हाती घेण्यापूर्वी खांदा पाहणे आवश्यक आहे, कारण हे काम घरी होणार की नाही हे खांदाच ठरवतो. लग्नात जो शर्ट घालायचा आहे तोच मुलाला घालायला सांगा, त्यावर वेस्टकोट चढवा आणि शेवटचे सोडून बाकीची बटणे लावा. (शेवटचे बटण न लावण्याची रीत इंग्लंडच्या सातव्या एडवर्डच्या नावावर सांगितली जाते, कारण काहीही असो, वेस्टकोट ते बटण उघडे राहील अशाच बेताने कापलेला असतो, म्हणून मापही तसेच घ्यावे.) आता वेस्टकोटाच्या खांद्याची कड शर्टाच्या खांद्याच्या शिवणीच्या आत राहते की तिच्याबाहेर लोंबते ते पाहा. ती आत असेल किंवा फार तर शिवणीला टेकत असेल, तर काम आपल्या आवाक्यातले आहे. बाहेर अर्ध्या इंचाहून अधिक येत असेल, तर मुंढा, म्हणजे हात घालायची गोलाई, नव्याने कापावा लागेल आणि तो कापताना पुढचा कॅनव्हासही कापला जाईल. तसे असल्यास हे काम सूट शिवणाऱ्या चांगल्या कारागिराकडेच द्यावे.

खांद्याबरोबर खिशाच्या मागच्या टोकापासून बाजूच्या शिवणीपर्यंतचे अंतर किती आहे, पाठीच्या मध्यावर उभी शिवण आहे की पाठ अखंड आहे, आणि बक्कलाची पट्टी बाजूच्या शिवणीत अडकवली आहे की पाठीच्या टकात, या तीन गोष्टी कळवाव्यात.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे शर्टावर घालून पाहिले. खांद्याची कड शर्टाच्या शिवणीच्या किंचित आतच राहते, त्यामुळे निर्धास्त झाले. खिशाच्या टोकापासून बाजूच्या शिवणीपर्यंत पावणेदोन इंच अंतर आहे. पाठीच्या मध्यावर गळ्यापासून खालपर्यंत उभी शिवण आहे आणि आतल्या अस्तरालाही तशीच आहे. बक्कलाच्या पट्ट्या दोन्ही बाजूंच्या शिवणीत अडकवलेल्या आहेत. गळा समोरून थोडा सुटा उभा राहतो. तोही खांद्याचा दोष आहे का?

प्रतिसाद

गळा सुटा राहण्याचे कारण बहुधा पाठीतच आहे. मागे ढील असली की पुढच्या भागांना मागून ओढ मिळत नाही आणि ते छातीवर टेकत नाहीत. पाठ मापात आली की हा दोष बहुतांशी आपोआप जाईल, म्हणून आताच खांद्याला हात लावू नये.

मापांचा हिशेब असा करावा. वेस्टकोट अंगाला लागून बसतो, तरीही श्वास घ्यायला आणि बसायला अंगाच्या मापापेक्षा साधारण तीन इंच जास्त ठेवावेच लागतात. म्हणजे छातीला ४१ आणि कमरेला ३७ हे आपले अंतिम माप झाले; त्यासाठी छातीतून तीन इंच आणि कमरेतून चार इंच काढायचे आहेत. पाठीच्या मध्य शिवणीत छातीच्या पातळीवर जुन्या टिपेपासून अर्धा इंच आत आणि कमरेला पाऊण इंच आत नवी रेषा आखावी. दोन्ही बाजूंचे मिळून अनुक्रमे एक आणि दीड इंच निघतील. उरलेले छातीचे दोन आणि कमरेचे अडीच इंच दोन्ही बाजूंच्या शिवणींत सारखे वाटावे, म्हणजे एकेका बाजूला छातीपाशी एक आणि कमरेपाशी सव्वा इंच.

बाजूच्या शिवणीत एक खुबी आहे आणि आपल्या शंकेचे उत्तर तिथेच आहे. अस्तर लावलेल्या वेस्टकोटात पुढचा तयार भाग हा पाठीचे साटीन आणि पाठीचे अस्तर यांच्या मधोमध सारलेला असतो आणि एकच टीप या सगळ्या थरांतून जाते. टेलरने वरून सरळ टीप मारली असती, तर पुढून आणि मागून सारखेच कापड गेले असते आणि खिसे बाजूला ओढले गेले असते. त्याऐवजी ती शिवण उसवून मोकळी करावी आणि पुढच्या भागावर व पाठीवर वेगवेगळ्या खुणा कराव्यात: छातीपाशी पुढच्या भागातून केवळ पाव इंच आणि पाठीतून पाऊण इंच, तर कमरेपाशी पुढून अर्धा इंच आणि मागून पाऊण इंच. मग पुढची खूण मागच्या खुणेवर जुळवून पुन्हा टीप घालावी. आपल्या खिशापाशी पावणेदोन इंच जागा आहे, त्यातला अर्धा इंच गेला तरी सव्वा इंच उरतो आणि खिसा जागचा हलला असे कोणाला वाटणार नाही.

उघडायचे ते असे. अस्तराच्या एखाद्या बाजूच्या शिवणीत किंवा पाठीच्या खालच्या कडेला चार-पाच इंचांची हातशिलाई दिसेल; शिवताना वेस्टकोट सुलटा करण्यासाठी ठेवलेले ते तोंड असते. तेच उसवावे आणि त्यातून पाठ उलटी करून बाहेर काढावी. असे तोंड न सापडल्यास एका बाजूची अस्तराची शिवण मधोमध तेवढीच उघडावी. आता पाठीचे साटीन आणि अस्तर यांच्या मध्य शिवणी उघड्या दिसतील. त्या खालच्या कडेला एकमेकींना भेटतात, म्हणून कडेची शिवण मध्यापासून दोन्हीकडे दोन-दोन इंच सोडवून घ्यावी. गळ्याच्या खाली अडीच-तीन इंचांवर नवी रेषा जुन्या टिपेतून निघावी, हळूहळू कमरेपर्यंत आत यावी आणि कडेपाशी पुन्हा अर्ध्या इंचावर सुटावी; गळ्याला अजिबात स्पर्श होऊ देऊ नये. साटीन आणि अस्तर या दोन्हींतून अगदी सारखेच माप काढावे. अस्तर जास्त घेतले गेले तर ते आतून पाठ ओढते आणि बाहेर तिरप्या चुण्या उमटतात; मग आपण चूक साटीनमध्ये शोधत बसतो.

आधी मध्य शिवण पूर्ण करून वेस्टकोट घालून पाहावा, आणि त्यानंतरच बाजू उघडाव्यात. मध्य शिवणीने अपेक्षेहून अधिक फरक पडला, तर बाजूंचे माप त्याप्रमाणे कमी करता येते.

साटीनच्या भोकांची काळजी आपल्या बाबतीत निम्मीच आहे, कारण घेर कमी करताना जुन्या टिपेची भोके आत मायेत, म्हणजे टिपेपलीकडे आत राहणाऱ्या जादा कापडात, जातात. भीती नव्या टिपेची आहे. ती एकदा मशीनवर पडली आणि पुन्हा सैल करावी लागली तर भोके उघडी पडतील. यासाठी टाचण्या नेहमी जुन्या आणि नव्या रेषेच्या मधल्या पट्ट्यातच लावाव्यात, आणि पहिली चाचणी बारीक सुईने हाताचा धावदोरा घालून करावी. मशीनला ११ नंबरची नवी सुई घालावी. बोथट सुई साटीनचे धागे ओढते.

प्रतिसाद

वरील मार्गदर्शन इतके सविस्तर आहे की माझ्याकडून केवळ इस्त्रीची भर. पुढच्या टेरीवूलवर ओलसर सुती फडके ठेवून इस्त्री दाबून उचलावी, घासू नये. साटीन आणि अस्तरासाठी उष्णता अगदी कमी ठेवावी, कारण कृत्रिम धाग्याचे कापड तापलेल्या इस्त्रीखाली आखडते किंवा त्यावर कायमची चकाकी येते. प्रत्येक टीप घातल्यावर लगेच माया फाकवून दाबली तरच शिवण सपाट बसते. सगळे शिवून झाल्यावर वरून केलेल्या इस्त्रीने ते साधत नाही.

बंद गळ्याचे नेहरू जाकीट असणाऱ्यांनी मात्र वरची मापे जशीच्या तशी घेऊ नयेत. त्याची पाठ बहुधा पुढच्याच कापडाची असते आणि मध्य शिवण नसेल तर सारा घेर बाजूंतूनच काढावा लागतो. तिथे दोन इंचांपलीकडे जाण्याचे धाडस मी करणार नाही.

धागाकर्ती

मध्य शिवण धावदोऱ्याने घालून पाहिली आणि पाठीवरचे बोचके खरोखरच नाहीसे झाले. गळाही बराच टेकला. आता बाजू उघडण्यापूर्वी दोनच गोष्टी विचारते. बक्कलाच्या पट्ट्यांचे काय करावे? आणि आत उरलेली जादा माया कापून टाकावी का?

प्रतिसाद

पाठ तीन इंचांनी अरुंद होणार असल्यामुळे जुन्या लांबीच्या पट्ट्या पुन्हा लावल्या तर बक्कल मध्यावर न राहता एकीकडे जाईल. बाजूची शिवण उसवण्यापूर्वी पट्ट्यांची उंची खडूने आतून खुणावून ठेवावी, आणि नव्या टिपेत त्या सारताना दोन्हींची मुळाशी सारखीच लांबी आत घ्यावी. बक्कल सैल असताना पट्टी पाठीवर सपाट पडली पाहिजे. आधीच ताणलेली लावली तर आपण नुकतीच घालवलेली चुणी परत येईल.

माया कापण्याची घाई करू नये. मध्य शिवणीची माया फाकवून इस्त्री केली की पातळ साटीनखाली ती जाणवत नाही. कमरेच्या वळणावर ती ताणली जात असेल तर टिपेपासून थोडे अंतर राखून दोन-तीन लहान चिरा द्याव्यात. बाजूच्या शिवणीत बरेच थर एकत्र येतात, तिथे जाडी वाटली तर केवळ साटीन आणि अस्तराची माया अर्ध्या इंचापर्यंत छाटावी. टेरीवूलची माया मात्र पूर्ण ठेवावी, कारण पुढेमागे मुलाचे अंग भरले तर सोडायला तेवढेच कापड हाताशी राहील.

वळवण्यासाठी उघडलेले तोंड सर्वांत शेवटी हाताने शिवावे. त्याआधी मुलाला वेस्टकोट घालून खुर्चीवर बसायला सांगा. बसल्यावर मधल्या बटणापाशी आडव्या रेघा ताणल्या गेल्या तर कमरेपाशी दोन्ही बाजूंनी पाव-पाव इंच परत सोडावा.