गावच्या बंद घराला स्वतः बसवायचा अलार्म: कुठला घ्यावा?

कोकणवेडी
नमस्कार मंडळी. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याचं, कौलारू, गणपती आणि शिमगा सोडला तर वर्षभर बंदच असतं, आम्ही सगळे डोंबिवलीला. यंदा शिमग्याला गेलो तर दाराचं कुलूप जसंच्या तसं, आत पाऊल टाकलं आणि माजघरात भलत्याच जागी उन्हाचा चौकोन पडलेला, वर बघते तर आठ-दहा कौलं काढलेली. दोन पितळी समया, पाण्याचा हंडा आणि आजीचं तांब्याचं घंगाळ गेलं. त्या घंगाळावर आजोबांचं नाव घातलेलं होतं हो, आठवलं की अजून गलबलून येतं.

भाऊ म्हणतो आपणच अलार्म बसवू. ऑनलाइन वायफायवाले किट पण दिसतात आणि सिमकार्डवाले पण. तिकडे ब्रॉडबँड नाही, पावसात लाईट दोन-दोन दिवस नसते. दारं तीन, खिडक्या नऊ, सगळ्यांना सेन्सर लावायचे का? बजेट ८-१० हजार.

तारजोडणी
ताई, वाचून वाईट वाटलं. वायफायवाला विषयच सोडा, सिमवालाच घ्या.

आणि बारा सेन्सर कशाला, तुमचा चोर दारातून आलाच नाही ना! कौलारू घरात माणूस कुठूनही उतरला तरी माजघरातून फिरल्याशिवाय त्याला काही मिळत नाही, म्हणून खरं काम पीआयआरचं, म्हणजे अंगाच्या उष्णतेची हालचाल ओळखणारा सेन्सर. एक माजघरात, एक देवघराकडे जायच्या वाटेवर. सात फूट उंचीवर कोपऱ्यात लावा, आणि असा की माणूस त्याच्या समोरून आडवा जाईल, सरळ अंगावर चालत येणारा माणूस त्याला उशिरा कळतो. छपराला काचेचं कौल असेल तर त्याचं ऊन दिवसभर जमिनीवर कुठे कुठे सरकतं ते आधी बघून घ्या, तो पट्टा सेन्सरच्या नजरेत नको, तापलेल्या जमिनीमुळे फुकटचा भोंगा वाजतो.

दारांना मॅग्नेटवाले तीन सेन्सर पुरे, एक तुकडा चौकटीला आणि मॅग्नेटचा तुकडा दाराला. पण गणपतीत बसवणार असाल तर तेव्हा लाकूड फुगलेलं असतं, उन्हाळ्यात दार आकसतं आणि फट वाढते, मग दार बंद असून पॅनलला, म्हणजे सिम असलेल्या मुख्य डब्याला, उघडं वाटतं. तेव्हा दोन तुकडे अगदी जवळ, अर्ध्या सेंटीमीटरवर लावा. सोबत आलेली डबल टेप फेकून द्या, चुन्याच्या भिंतीवर एक पावसाळा टिकत नाही, स्क्रूच मारा. जांभ्याच्या दीड फुटी भिंतीतून वायरलेस सिग्नलही बराच कमी होतो, म्हणून पॅनल घराच्या मध्यावर ठेवा, दारात उभं राहिलं की दिसेल असा नको.

लाईटचं म्हणाल तर पॅनलमधली बॅटरी काही तासच चालते. पॅनल १२ व्होल्टचा असेल तर १२ व्होल्ट ७ एएच (अँपिअर-तास) बॅटरीचा छोटा यूपीएस जोडा. पॅनल १०० मिलिअँपिअरच्या आसपास घेत असेल तर दोन दिवस आरामात निघतात.

दापोलीकर_७१
सिमबद्दल दोन गोष्टी. स्वस्त किट बरेचदा फक्त टूजी असतात आणि जिओचं टूजी नेटवर्कच नाही, म्हणजे ते सिम त्यात चालणारच नाही. फोरजी व्होल्टीवाला, म्हणजे फोरजीवरूनच कॉल करणारा पॅनल बघा. आणि रिचार्ज संपला की आउटगोइंग बंद, अलार्म वाजेल पण तुम्हाला फोन येणार नाही. माझं तेच झालं, चार महिने घर राखणीवर आहे असं समजून निवांत होतो. नुसत्या कॉल-एसेमेसचे वर्षभराचे प्लॅन आहेत, तो मारा आणि तारीख कॅलेंडरवर लिहा.

गावातलाच
मी गावातच राहतो, आमच्या वाडीतल्या चार बंद घरांचे अलार्म माझ्या फोनवर जोडलेत म्हणून लिहितो. पॅनलमध्ये पहिला नंबर तुमचा नको, शेजाऱ्याचा टाका. डोंबिवलीत रात्री दोनला फोन वाजून तुम्ही काय करणार? दुसरा तुमचा, तिसरा पोलीसपाटलांचा, त्यांना आधी सांगून विचारून. ११२ त्यात टाकू नका, तिथे माणसाने स्वतः बोलून सांगायचं असतं.

आणि शेजाऱ्याला किल्ली आणि एक रिमोट देऊन ठेवा. एका घराचा अलार्म लागोपाठ तीन रात्री वाजला, मी भर पावसात बॅटरी घेऊन गेलो, कोणी नाही, आणि भोंगा बंद करायला रिमोट मुंबईत. चौथ्या रात्री मी उठलो नाही, खरं सांगतो. सकाळी बघितलं तर सेन्सरवर पाल.

कोकणवेडी
सगळ्यांचे मनापासून आभार! शेजारचे काका आहेत, त्यांना विचारूनच नंबर टाकते. पण पालीचं काय करायचं, आमच्याकडे तर पाली आणि उंदीर दोन्ही भरपूर. पेट इम्यून, म्हणजे छोट्या प्राण्यांना न वाजणारा, असं लिहिलेला सेन्सर घेतला तर चालेल?

तारजोडणी
उंदीर-मांजराला चालेल, ती लांब जमिनीवर असतात. पाल थेट भिंगावर बसते, तिथे ती सेन्सरला माणसाएवढी दिसते, मग पेट इम्यून असून उपयोग नाही. सेन्सर उघडून आतला पल्स काउंटचा जंपर (किती झटक्यांनंतर वाजायचं ते ठरवणारी छोटी पिनेवरची टोपी) २ वर करा, म्हणजे एका झटक्याला वाजणार नाही. मागच्या वायरच्या भोकात सिलिकॉन भरा, मुंग्या आणि कोळी तिथूनच आत शिरतात. आणि ट्यूबलाईटजवळ लावू नका, किड्यांमागे पाल येतेच.

बसवलंत की गणपतीचे पाच-सात दिवस रोज रात्री चालू ठेवून बघा, काकांच्या हातानेच बंद करवून घ्या, आणि निघायच्या आधी एकदा मेन स्विच पाडून लाईट गेल्याचा एसेमेस येतो का तेही तपासा.