मुलगी वर्गातल्या एका मुलाला खेळायला घेत नाही, म्हणते 'तो मुलगीच आहे'

निळाई:
माझी लेक सहा वर्षांची, पहिलीत. तिच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याचे केस मानेपर्यंत वाढवलेले, नाचायची भारी हौस, मधल्या सुट्टीत मुलींबरोबर दोरीच्या उड्या मारायला येतो. परवा लेक म्हणाली, "आम्ही त्याला घेत नाही. तो मुलगी आहे." मी म्हटलं, अगं, मुलगी असता तरी घेतलाच असतात ना? आणि तो तर मुलगा आहे. त्यावर तिचं उत्तर: "मग मुलांसारखं का खेळत नाही?" वर्गातली काही मुलं त्याला 'बायल्या' म्हणतात, तेही तिनंच सांगितलं, अगदी सहज.

आमच्या घरात नवरा स्वयंपाक करतो, बिघडलेल्या वस्तू मी दुरुस्त करते. 'मुलींनी असं, मुलांनी तसं' हे तिनं घरी कधीच ऐकलेलं नाही. रागावले तर ती पुढचं सांगणं बंद करेल अशी भीती वाटते. त्या मुलाचा विचार मात्र डोक्यातून जात नाही. काय बोलू तिच्याशी?

वाटसरू:
इतकं मनावर घेऊ नका. या वयात मुलं काहीही बोलतात, मोठी झाली की विसरतात.

पाटीपेन्सिल:
बालवर्ग आणि पहिलीला शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निळाईताई, यात तुमच्या घराचा दोष शोधू नका. पाच-सहा वर्षांची मुलं याबाबतीत सगळ्यात कडक असतात. जगाची मांडणी लावायची त्यांची धडपड चाललेली असते आणि नियम मोडणारा दिसला की ती बेचैन होतात. कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1966 मध्येच मांडलं होतं की कपडे, केस, खेळ बदलले तरी मुलगा मुलगाच राहतो, ही खात्री साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास पक्की होते. सँड्रा बेम या संशोधिकेनं स्वतःच्या लेकाचा किस्सा सांगितला आहे. तो केसांना क्लिपा लावून बालवाडीत गेला. दुसरा एक मुलगा दिवसभर त्याला 'तू मुलगी आहेस' म्हणत राहिला. शेवटी यानं चड्डी खाली करून पुरावाच दाखवला. तरी तो म्हणतो, ते तर सगळ्यांनाच असतं, क्लिपा फक्त मुली लावतात! तुमच्या लेकीला 'तो मुलगा आहे' सांगून काही उपयोग का झाला नाही, ते यावरून कळेल. तिच्या लेखी केस आणि दोरी हाच पुरावा आहे.

पण वाटसरू, 'विसरतात' म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. सातनंतर बऱ्याच मुलांचे नियम सैल होतात, हे खरं. तोवर तो पोरगा रोज त्याच वर्गात बसणार आहे. आणि झळ मुलग्यांना जास्त लागते. बेव्हर्ली फॅगट यांनी 1977 मध्ये बालवाडीतल्या मुलांचं निरीक्षण केलं, तेव्हा मुलींचे समजले जाणारे खेळ खेळणाऱ्या मुलग्यांवर सोबत्यांनी जास्त टीका केलेली दिसली. मुलांचे समजले जाणारे खेळ खेळणाऱ्या मुलींना तितकं सोसावं लागलं नाही. माझ्या वर्गात मोठ्या माणसांच्या कपड्यांची एक पेटी असायची. एक मुलगा त्यातला झगा घालायचा, पण आधी दाराकडे बघून. बाकीचे आत आले की झटकन काढून पेटीत टाकायचा. चार वर्षांचा होता हो तो.

आता काय बोलायचं ते. 'मुलं असं खेळतात का' या वादात शिरूच नका, त्यात ती जिंकेल. विचारा, "त्याला यायचं होतं आणि घेतलं नाही, ते बरोबर झालं का?" न्याय-अन्याय या वयाला छान कळतो. किलन आणि स्टँगर यांनी 2001 मध्ये मुलांना विचारलं होतं, बॅले गटातून एखाद्याला केवळ मुलगा म्हणून वगळलं तर चालेल का? बहुतेकांनी ते चूक ठरवलं.

नुसत्या बोधकथा सांगून भागत नाही. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही मुलांकडून चिडवणाऱ्याला उत्तर द्यायचा सराव करून घेतला, काहींना फक्त तशा गोष्टी ऐकवल्या. पुढे प्रत्यक्ष प्रसंगात सराव केलेली मुलं जास्त बोलली. म्हणून बाहुल्या घ्या, एकीला चिडवायला लावा आणि लेकीच्या तोंडी छोटं वाक्य द्या: "खेळ सगळ्यांचा असतो." किंवा "त्याला आवडतं, तुझं काय जातं?" लांब वाक्य मैदानावर आठवत नाही.

झोका:
मी तसा मुलगा होतो. एकच विनंती, तिला त्याची माफी मागायला लावू नका, वर्गासमोर तर नकोच. माझ्या बाईंनी एकदा अख्ख्या वर्गाला उभं करून मला 'सॉरी' म्हणायला लावलं होतं. हेतू चांगला होता. पण तोवर ज्यांचं लक्षही नव्हतं, त्यांनाही माझ्यात काहीतरी वेगळं आहे हे त्या दिवशी कळलं. मला हवं होतं ते एवढंच, की माझा नंबर आला की कुणीतरी दोरी फिरवावी.

निळाई:
झोका, हे वाचून पोटात कालवलं. माफीचा विचार माझ्या मनात होता, तो सोडला. बाहुल्यांचा खेळ कालच सुरू केला. चिडवणारी व्हायला लेकीला फार आवडतंय, उत्तर द्यायची पाळी आली की अडखळते. वर्गशिक्षिकांशीही बोलावं का?

पाटीपेन्सिल:
बोला, पण त्या मुलाचं नाव न घेता. मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी, 'मुलांनो शांत', 'मुलींनी आधी डबे उघडा', असं चालतं का ते विचारा. हिलियर्ड आणि लिबेन यांच्या 2010 च्या प्रयोगात बालवाडीच्या शिक्षिकांनी दोन आठवडे मुद्दाम असं केलं. तेवढ्यानं मुलांचे ठोकताळे वाढले आणि मुलं-मुली एकमेकांत कमी खेळू लागली. रांग उंचीनं लावा, वाढदिवसाच्या महिन्यानं लावा, शिक्षिकेला काहीच जड जात नाही. आणि अडखळू दे तिला. आधी चिडवणारीच व्हायचं असतं सगळ्यांना. पाळ्या बदलत राहा.