जाळं कापून कासव सोडलं, भरपाईचा अर्ज कसा करायचा?

वर्सोव्याची_पोर
नमस्कार. आमची गिलनेटची, म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं जाळं सोडायची बोट आहे. परवा पहाटे बाबांच्या जाळ्यात मोठं कासव आलं. मान आणि पुढचा पर, दोन्हीला जाळं इतकं आवळलेलं की सोडवता सोडवेना. बाबांनी सुरी काढली आणि सरळ कापलं. खलाशी कुरकुरले, कारण जाळं याच सीझनला घेतलंय. एकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात कासव आणि जाळं दिसतं, बोटीचा नंबर मात्र नाही. सरकार पैसे देतं म्हणतात, ते खरं का? बाबांचं म्हणणं, कागदांमागे पळायचं तर धंदा कोण करणार!

अजून एक. कासव वर घेतलं तेव्हा हलतच नव्हतं. एक जण मेलं म्हणून पाण्यात टाकायला निघाला, बाबांनी अडवलं. बऱ्याच वेळाने त्याने नाकातून फुसकारा सोडला. असं होतं का?

मढचा_नाखवा
पोरी, मिळतात. डिसेंबर २०१८ पासून योजना आहे, वनखात्याचा कांदळवन कक्ष आणि मत्स्यव्यवसाय विभाग मिळून चालवतात. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा कायद्याने संरक्षण असलेला जीव सोडताना जाळं कापलं तर जास्तीत जास्त २५,००० रुपये. जेवढं नुकसान तेवढेच, म्हणजे सगळ्यांना पंचवीस नाही. आणि त्या दिवशी गेलेल्या मच्छीचं कोणी काही देत नाही, ते धरून चाला.

व्हिडिओ जपून ठेव. नंबर नसेल तर बोट आणि फाटलेलं जाळं एकत्र येईल असा फोटो आजच बंदरात काढ. जाळं इतक्यात तुणू नका, कोणी बघायला आलं तर दाखवायला राहू दे. बोटीची नोंदणी, मासेमारीचा परवाना, पासबुक यांच्या झेरॉक्स काढ आणि आधी मच्छीमार सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठ. एकट्याने खेटे घालू नका, मी घातलेत. पैसे आले, पण तोवर नवं जाळं उधारीवर आणून झालं होतं.

दर्या_किनारा
हो, असं होतं. कासवाला कल्ले नसतात, श्वासाला वर यावंच लागतं. जाळ्यात अडकून पाण्याखाली राहिलं की गुदमरून निपचित पडतं आणि मेल्यासारखं दिसतं. तसंच पाण्यात टाकलं तर बुडून मरणार. पोटावरच ठेवायचं, उताणं कधीच नाही. मागची बाजू वीतभर उंच करायची, म्हणजे फुप्फुसातलं पाणी निघतं. सावली आणि पाठीवर ओलं फडकं, फक्त नाकपुड्या मोकळ्या. शुद्धीवर यायला कधी चार तास, कधी अख्खा दिवस. जखमी असेल तर वनखात्याचा १९२६ नंबर. डहाणूला कासवांचं उपचार केंद्र आहे.

बोंबील_फ्राय
सगळा कायदा छोट्या बोटीवाल्यालाच का? ट्रॉलरच्या कोळंबीच्या जाळ्यात मरतात त्यांचं काय?

मढचा_नाखवा
भाऊ, प्रश्न बरोबर आहे. ट्रॉलरसाठी टेड आहे, म्हणजे कासव बाहेर सोडणारं साधन. जाळ्याच्या गळ्यात लोखंडी गजांची चौकट. कोळंबी गजांमधून मागे जाते, कासव गजांना अडून वरच्या झडपेतून बाहेर. ते वापरत नाहीत म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली कोळंबी घेणं बंद केलं. ट्रॉलरवाले म्हणतात, झडपेतून मालही निसटतो. थोडा निसटत असेलही. पण मार्केट गेलं, त्याचा हिशोब कोण मांडणार? आणि कायदा म्हणशील तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला जीव मारला की तीन ते सात वर्षं आत. ते लहान-मोठ्या दोघांना सारखंच.

वर्सोव्याची_पोर
बाबांना वाचून दाखवलं. जाळं तसंच ठेवलंय, सोमवारी सोसायटीत जाते. एक शंका, बोट बाबांच्या नावावर, पण चालू खातं आईचं. आईचं पासबुक चालेल?

मढचा_नाखवा
बोट ज्याची, पासबुक त्याचंच लाव. बाबांचं खातं बंद पडलं असेल तर आधी बँकेत जाऊन केवायसी करून घे, मग सोसायटी.