नाताळच्या सुट्टीत पोट्ट्यांसोबत चॉकलेट, ओव्हनशिवाय
प्रश्न (दारव्हा तालुका): भाचरं आली आहेत, चॉकलेटच बनवू म्हणतात. ओव्हन नाही, लाइन केव्हाही जाते. काय करू?

उत्तर: ताई, डार्क कंपाउंड (कोकोच्या बियांच्या तुपाऐवजी दुसरं वनस्पती तूप घातलेलं काळं चॉकलेट) आणा, 200 ग्रॅम. गंजात पाणी तापवून उतरवा, वर कोरडं भांडं ठेवून तुकडे वितळवा. पाण्याचा थेंब पडला की सारं रवाळ, घट्ट होते. पोट्ट्यांचे हात आधी पुसा! मग भाजून सोललेले फल्लीदाणे न् मुरमुरे कालवून, तूप लावलेल्या ताटात चमच्यानं गोळे सोडा. आपल्याकडच्या डिसेंबरात फ्रीज कशाला?

दुसरं उत्तर: मुरमुरे कढईत कुरकुरीत करून थंड होऊ द्या जी, नाहीतर चामट लागतात. चिमूटभर मीठही टाका.

प्रश्नकर्ती: कंपाउंड गावात नाही. दुकानातली चॉकलेटची साधी वडी चालते?

उत्तर: चालते, पण हातात लवकर पाघळते. तिच्यातलं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांचं तूप, 34 अंशांच्या आसपासच वितळते.