उंच डर्ट बाईक खाली उतरवायची तर लिंक लावायची, सस्पेंशन आतून कापायचं, की हातच लावायचा नाही?

रानवाट (धागाकर्ता)

"पाय टेकत नाहीत, लोअरिंग लिंक मुंबईत कुठे मिळेल?" हा प्रश्न मोसमी पावसासारखा दरवर्षी येतो. आधी आकडे बघा. हिरोच्या साध्या एक्सपल्स २०० फोर व्ही ची सीट ८२५ मिमीवर, प्रो ची ८९१ वर. साधीचा ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती जातं ते) पुढे १९० आणि मागे १७० मिमी, प्रो चा २५० आणि २२०. ग्राउंड क्लिअरन्स २२० वरून २७०. म्हणजे प्रो घेताना जे जास्तीचे पैसे मोजले ते बहुतेक या उंचीचेच. ती लिंक लावून घालवायची असेल तर साधी गाडी काय वाईट होती?

माझा विरोध मुख्यतः लिंकला आहे. लिंक म्हणजे मागच्या सस्पेंशनमधल्या जोडपट्ट्या, डॉगबोन. मूळच्यापेक्षा लांब डॉगबोन लावले की मागचं चाक चासीच्या जवळ येतं, पण शॉकचा स्ट्रोक (दबण्याची लांबी) तेवढाच राहतो. त्यामुळे शॉक पूर्ण दबला की चाक पूर्वीपेक्षा तितकंच जास्त वर जातं आणि टायर आतल्या मडगार्डला घासतो. टेललाइटची वायर तिथूनच गेलेली असते, तीही जाते. लीव्हरेज बदलल्याने तीच स्प्रिंग मऊ वाटायला लागते आणि गाडी आणखी लवकर तळाला बसते. शिवाय फक्त मागचीच बाजू उतरवली तर पुढचा फोर्क (चाक धरणाऱ्या दोन नळ्या) जास्त तिरपा होतो आणि मातीच्या वळणावर पुढचं चाक बाहेर सरकतं.

आधी सीट, मग सॅग (बसल्यावर गाडी किती दबते ते), मग जाड तळाचे बूट. एवढं करून भागलं नाही तरच सस्पेंशन.

स्पॅनर१२

रानवाट, लिंकची भीती जरा जास्तच घातलीत. वर्षातून चारदा कर्जतच्या मातीत आणि बाकी दिवस वेस्टर्न एक्सप्रेसवर, असा वापर असलेल्यांना २५ मिमीची लिंक पुरते. काम बोल्ट खोलण्याचं आहे, गाडी विकताना मूळ डॉगबोन परत लागतात. शॉक फोडला की हे गेलं.

टायर घासेल का, हे अंदाजाने ठरवू नका. शॉकची स्प्रिंग काढा, नवी लिंक लावून शॉक परत बसवा आणि जॅकने चाक बंप रबर दबेपर्यंत वर ढकला. मडगार्ड, चेन गार्ड, सायलेन्सर, ब्रेकची नळी सगळीकडे बोट जाईल एवढी फट हवी. नसेल तर ती लिंक त्या गाडीची नाही.

भूमितीचं म्हणाल तर १४१० मिमी व्हीलबेसवर पुढे-मागे २५ मिमीचा फरक म्हणजे साधारण १ अंश. फोर्क क्लॅम्पमध्ये १५ मिमी वर सरकवले की उरतो १० मिमी, म्हणजे अर्ध्या अंशापेक्षाही कमी. दोन्ही नळ्या कॅलिपरने मोजून सारख्या ठेवा आणि फोर्क पूर्ण दाबल्यावर पुढचा टायर मडगार्डला किंवा खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना, तेही बघा.

एक गोष्ट मात्र मान्य. गल्लीत कुणीही कापून दिलेल्या पट्ट्या लावू नका. दोन्ही पट्ट्यांच्या भोकांच्या मध्यांमधलं अंतर अर्धा मिमी जरी वेगळं असलं तरी लिंकेज पिळतं आणि नीडल बेअरिंग खातं.

खड्डेमित्र

मातीचं राहू द्या हो. जुलैत घोडबंदर रोडला सगळ्यात जास्त सस्पेंशन लागतं! खड्डा पाण्याखाली, खोली कुणाला ठाऊक नाही, मागे डंपर. तिथे बॅशप्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) ५० मिमी खाली आणायची म्हणजे कमाल आहे.

ऑइल_लेव्हल

दोघंही मूळ उपाय टाळताय. उंची कमी करायची तर ट्रॅव्हल चाक खाली लोंबतं त्या टोकाने कमी करावा. चाक जिथवर वर जातं तिथवरच जातं, फक्त खाली पूर्ण लोंबत नाही. टायर घासायचा प्रश्न येत नाही आणि पुढे-मागे सारखंच उतरवलं तर फोर्कचा कोनही तोच राहतो. कावासाकीने केएलएक्स २३० ची ठेंगणी एस आवृत्ती काढली तेव्हा ट्रॅव्हलच कमी केला: पुढे २२० चा १५८ आणि मागे २२३ चा १६८ मिमी. सीट ८८५ वरून ८३० वर आली.

साध्या डॅम्पर रॉडच्या (आत तेल अडवणारी भोकांची नळी असलेल्या) फोर्कमध्ये ४० मिमी कमी करायचे असतील तर:

वरची टोपी फोर्क क्लॅम्पमध्ये असतानाच सैल करा, नंतर धरायला काही उरत नाही. फोर्क काढा, तेल ओता, तळाचा बोल्ट सोडून डॅम्पर रॉड बाहेर घ्या. रॉडच्या डोक्याखाली छोटी टॉप-आउट स्प्रिंग (फोर्क पूर्ण उघडताना आदळू न देणारी) असते, तिच्याशेजारी ४० मिमीची डेल्रिनची (कडक प्लॅस्टिकची) किंवा ॲल्युमिनियमची नळी चढवायची. लेथवर करून घ्या, दोन्ही टोकं काटकोनात हवीत. इथेच बहुतेकांचं चुकतं: डोक्याजवळ रिबाउंडची (फोर्क परत उघडण्याचा वेग ठरवणारी) बारीक भोकं असतात, नळी ती झाकते आणि फोर्क दबल्यावर वर येतच नाही. म्हणून नळीचा आतला व्यास रॉडपेक्षा मोकळा ठेवा आणि तिला आडवी भोकं पाडा. मग वरचा प्रीलोडचा (स्प्रिंग आधीच दाबून ठेवणारा) तुकडा बरोबर ४० मिमीने कापा, नाहीतर स्प्रिंग तेवढी जास्त दबलेली राहील आणि गाडी मागितली तितकी बसणारच नाही. तळाच्या बोल्टला नवं तांब्याचं वॉशर. तेलाची पातळी स्प्रिंग न घालता, फोर्क पूर्ण दाबून मोजा. तळाची जागा बदललेली नसल्याने कंपनीचाच आकडा चालतो.

मागचा शॉक घरी उघडू नका. आत साधारण १० बार नायट्रोजन असतो, तो सोडल्याशिवाय सील हेडला हात लावणं म्हणजे इजेला आमंत्रण. चाक-शॉक प्रमाण (शॉक १ मिमी दबला तर चाक किती हलतं) २.७ च्या आसपास असेल तर १५ मिमीच्या स्पेसरने चाकाशी सुमारे ४० मिमी मिळतात. स्प्रिंगची कॉलरही १५ मिमी मागे घ्यावी लागते. पायऱ्यांच्या कॉलरमध्ये एवढी जागाच नसते, मग आखूड स्प्रिंग आली. काही शॉक कारखान्यात कायमचे बंद केलेले असतात, ते उघडता येत नाहीत. हे खर्चाआधी विचारा. गॅस भरायला पेट्रोल पंपावरची नळी चालत नाही, ती काढताना निसटणारा गॅसच एवढ्याशा टाकीतला बराचसा दाब घेऊन जातो.

स्पॅनर१२

म्हणजे नवी स्प्रिंग, लेथ, गॅस, दोन्ही फोर्कचे सील. आणि गाडी परत उंच करायची तर सगळं पुन्हा. सिग्नलला पाय टेकण्यासाठी!

ठेंगणी_ठुसकी

"सिग्नलला पाय टेकण्यासाठी" हे सहा फुटी माणसालाच सुचतं. सिग्नलला एक पाय पुरतो, डावा खाली आणि उजवा मागच्या ब्रेकवर. अडतं ते उताराच्या पार्किंगमधून गाडी मागे ढकलताना आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर बोटांच्या टोकावर १५० किलो तोलताना.

पण रानवाट, तुमच्या यादीत सॅग दुसरा का? हलक्या चालकासाठी तोच पहिला. चाक अधांतरी ठेवून मागच्या ॲक्सलपासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत मोजा. मग हेल्मेट-बुटांसकट पूर्ण रायडिंग गिअर घालून बसा, दुसऱ्याला परत मोजायला सांगा. फरक ट्रॅव्हलच्या साधारण एक तृतीयांश हवा, २२० ला सुमारे ७३ मिमी. ५० किलोच्या माणसाखाली कंपनीची स्प्रिंग बरेचदा तेवढी बसतच नाही. मऊ स्प्रिंग टाकली की उंची उतरते आणि सस्पेंशनही सुधारते.

नुसता प्रीलोड सोडून ७३ गाठू नका. गाडी स्वतःच्या वजनानेच खूप खाली जात असेल आणि तुम्ही बसल्यावर थोडीच, तर स्प्रिंग कडक आहे. उलट गाडी एकटी जेमतेम दबते पण चालकासकट आकडा बरोबर येतो, तर स्प्रिंग मऊ आहे आणि प्रीलोडने ओढून धरलीय.

रानवाट

सॅग आधी, मान्य. सीट तरी सोडू नका. फोम २५ मिमी काढण्यापेक्षा सीटचा पुढचा भाग दोन्ही कडांनी निमुळता करणं जास्त कामाचं, मांड्या जितक्या फाकतात तितका पाय आखूड पडतो. सीटवाल्याला आधी बेसपर्यंतची जाडी मोजायला लावा. मध्यभागी ४० मिमीच्या खाली गेलात तर पनवेल येईपर्यंत प्लॅस्टिक बोचेल. लिंकबद्दलचं मत कायम आहे.

ऑइल_लेव्हल

कुठल्याही मार्गाने उतरवा, दोन कामं राहतातच.

चेन: स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आधीपेक्षा सपाट होतो, त्यामुळे जुन्या ढिलाईचा आकडा चुकतो. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतील तिथे चेन सगळ्यात ताणलेली असते. पट्टा बांधून गाडी तिथवर दाबा, तिथे थोडी ढिली ठेवा आणि मग उभ्या गाडीवर जो आकडा येईल तो लिहून ठेवा.

साइड स्टँड: ३०-४० मिमी उतरवलेली गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि बसच्या वाऱ्यानेही उजवीकडे पडते. मधला तुकडा कापून वेल्ड करा, पण एकदम उतरवलं तेवढं कापू नका. आधी १५ मिमी, उभी करून बघा, मग पुढचं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा.

खड्डेमित्र

आणि हेडलाइटचा झोत? मागचीच बाजू उतरवली तर तो समोरच्याच्या डोळ्यात जातो.

स्पॅनर१२

हेडलाइटखालचा बोल्ट सैल करून झोत खाली घ्या, १० चा पाना.